हात मागे बांधलेले ओव्हाळ सर

ओव्हाळ सर कुणाचा बिघडलेला संगणक बघायला गेले, की खुर्चीत बसण्याआधी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहत. घरातला माणूस घाईघाईने तक्रार सांगत असे, यंत्र घरघरत असे, आणि सर मात्र दुसऱ्याच्या अंगणातली फुलझाडं बघायला आल्यासारखे निवांत. असा बराच वेळ गेला की समोरच्याला शंका येई, यांना यातलं काही येतं की नाही. मग सर म्हणत, "आधी बघू." आणि पुन्हा बघत राहत.

सर गेले त्याला आता काही महिने झाले. झोपेतच गेले. त्यांच्या पत्नीचा, सुमनताईंचा सकाळी फोन आला, तेव्हा मी चहा गाळत होते. फोन ठेवला आणि तो चहा तसाच पिऊन टाकला, साखर न घालता, हे दुपारी माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून सरांवर लिहायचं म्हणते आहे. आयुष्यभर मी शाळेत मराठी शिकवलं, 'माझे आवडते शिक्षक' हा निबंध दरवर्षी मुलांकडून लिहून घेतला. फळ्यावर मुद्दे काढून द्यायची: दिसणं, स्वभाव, एखादा प्रसंग, समारोप. त्या मुद्द्यांत सर बसत नाहीत. दिसण्याचंच घ्या. उंच, किंचित वाकलेले, उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि खिशात पेनाशेजारी एक रंगकामाचा मऊ ब्रश. हे लिहून झालं तरी सर दिसत नाहीत. हात मागे बांधल्याशिवाय ते दिसतच नाहीत.

लोणावळ्याच्या एकाच शाळेत आम्ही कित्येक वर्षं बरोबर होतो. ते विज्ञान शिकवायचे. शाळेत संगणक आले तेव्हा त्या खोलीची किल्ली घ्यायला कुणी तयार होईना. काही बिघडलं तर आपल्यावर येईल म्हणून. सरांनी ती घेतली आणि निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. त्या खोलीत त्यांचा एकच कडक नियम होता. 'व्हायरस' हा शब्द उच्चारायचा नाही.

"आमच्या गावात कुणाला ताप आला की म्हणायचे, बाहेरचं झालंय," ते शिक्षकांच्या खोलीत सांगत. "मग ताप मोजायचा नाही, पाणी कुठलं प्यायलं ते विचारायचं नाही. लिंबू उतरवायचं नि मोकळं व्हायचं. तुमचा व्हायरस म्हणजे तेच. असतो, नाही असं नाही. पण आधी माणसाला विचारा की बाबा तुला होतंय काय."

एकदा मुख्याध्यापकांचा संगणक मंद झाला. सकाळी बरा चाले आणि मधल्या सुट्टीपर्यंत गोगलगाय होई. मुख्याध्यापक चिडखोर गृहस्थ. सरांना बोलावून म्हणाले, "ओव्हाळ, हा भंगारात काढा. मी वेग वाढवायचा प्रोग्रॅमसुद्धा टाकून पाहिला. काही उपयोग नाही."

"एक टाकलात?"

"एकानं फरक पडेना, म्हणून आणखी दोन टाकले."

सर हात मागे बांधून उभे. मी हजेरीपटावर सही घ्यायला गेले होते, म्हणून मला हे ऐकायला मिळालं.

"आणि सर, ही वर एवढी पानं उघडी दिसतात, ती?"

"ती लागतात मला."

"हे रेल्वेचं वेळापत्रक?"

"ते दिवाळीत बघितलं होतं."

"दिवाळीपासून गाडी फलाटावरच उभी आहे म्हणजे," सर म्हणाले. "जाऊ दे की तिला आता."

मुख्याध्यापक हसले नाहीत, पण गाडी गेली. वेग वाढवणारे तिन्ही प्रोग्रॅम सरांनी काढले, मात्र एका दिवसात नाही. आज एक, उद्या एक, परवा एक. "सगळे एकदम काढा ना," मुख्याध्यापक ओरडले, तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "मग दुखणं कशानं गेलं ते कळायचं नाही. एका वेळी एकच."

हे 'एका वेळी एकच' आम्ही त्यांना चिडवायला वापरायचो. डब्यात दोन भाज्या असल्या की कुणीतरी म्हणायचंच, "सर, एका वेळी एकच हं." सर दोन्ही घ्यायचे.

त्यांच्या बोलण्याची एक गंमत होती. रागावले की ते अगदी पुस्तकातलं मराठी बोलत, आणि खूश झाले की मावळातलं. वर्गातून 'हे वर्तन मला अपेक्षित नव्हते' असं ऐकू आलं की आम्ही समजायचो, आज कुणाचं तरी काही खरं नाही. आणि व्हरांड्यात 'लय भारी, न्हाई का बाई?' असं कानावर आलं की समजायचं, एखादा प्रयोग जमला किंवा माझ्याकडून नेलेलं पुस्तक आवडलं. माझ्याकडची पुस्तकं ते ओळीने वाचत. वर्तमानपत्राचं कव्हर घालून परत आणत, आणि पान मोडायचं नाही म्हणून खुणेला भाताची काडी घालत. माझ्या कितीतरी पुस्तकांत त्या काड्या अजून निघतात.

भाताची काडी त्यांना जवळची. मळवली स्टेशनवरून आत गेलं की त्यांचं गाव, आणि गावाला लागून भावाभावांची खाचरं. मोठे भाऊ शेती बघत आणि एका बंगल्याची राखण करत. सर भावाच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहत आणि लोकलने शाळेत येत. एका वर्षी भात झोडून झाल्यावर त्यांनी मला आणि माझ्या नवऱ्याला, सुधीरला, जेवायला बोलावलं होतं. नव्या तांदळाचा वास घरभर होता. भिंतीतल्या कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढे ताजी फुलं. थोरले भाऊ, ज्यांना सगळे आबा म्हणत, सुधीरशेजारी जेवायला बसले आणि त्यांनी धाकट्या भावाची सगळी अब्रू काढली.

"ह्यो लहानपणापासनं असाच. बैल लंगडाया लागला, तर आमी समदी धावलो. कुनी पाय धरतंय, कुनी हळद आनतंय. आन् ह्यो मागं हात बांधून हुबा. आमच्या बानं त्याच्या एक कानफडात दिली. म्हनला, बगतोस काय नुसता?"

"मग?" सुधीरने विचारलं.

"मग काय! बैलाच्या पायाला काय झालंच न्हवतं. जू घासत व्हतं मानंला. म्हनून तिरका चालायचा. ह्येनंच सांगितलं. पन मार खाल्ल्यावर."

"आधी सांगायचं की गुरुजी," सुधीर म्हणाला.

"मार बसेपर्यंत माझं बघून झालं नव्हतं," सर म्हणाले, आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसले.

सुधीर त्यांना त्या दिवसापासून गुरुजीच म्हणायला लागला. आणि ते त्याला साहेब, कारण सुधीर बँकेत साहेब होता. सुधीर म्हणजे बोलणारा माणूस. दुधवाल्याशी बोलणार, लोकलमध्ये समोर बसलेल्याशी बोलणार, चुकीच्या नंबरवरून फोन आला तर त्याच्याशीही बोलणार. मी त्याच्या उलट, पुस्तकात डोकं घालून बसणारी. घरात आवाज असायचा तो त्याचा. त्या आवाजावर मी किती टेकून होते, हे मला तो आवाज गेल्यावर कळलं.

स्नायू हळूहळू निकामी करत जाणारा तो आजार. आधी शब्द जड झाले, मग समजेनासे झाले, मग थांबले. पायही गेले. डोकं मात्र लख्ख, आणि उजव्या हाताचं एक बोट. खुर्चीच्या हाताला फळी बांधून त्यावर आम्ही संगणकाचा कळफलक ठेवला. त्या एका बोटाने सुधीर बोलायचा. पडद्यावर मोठी अक्षरं उमटायची आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून वाचायची. 'आमटीत गूळ कमी.' 'बातम्या बंद कर, खोटं बोलतोय.' 'तू आज केस धुतलेस.' माणूस गप्प झाला असं मला कधी वाटलं नाही, त्याला कारण ती फळी.

मग त्या पावसाळ्यात ते बोलणं मंदावलं. सकाळी ठीक असायचं. तासाभराने अक्षरं रेंगाळायला लागत. कळ आता दाबली, तर अक्षर कितीतरी वेळाने. मग दोन-तीन एकदम. सुधीर थांबे, पुन्हा दाबे, जादा अक्षरं उमटत, ती खोडताना आणखी गोंधळ. दुपारपर्यंत तो घामाघूम होई. आल्यागेल्या सगळ्यांचं एकच म्हणणं, की आजार पुढे सरकतोय, थकवा येतो, तासाभराच्या वर झेपत नाही. डॉक्टरांनीही मान हलवली. मला ते खरं वाटलं. सुधीरलाही वाटलं. एका दुपारी त्याने मोठ्या कष्टाने लिहिलं, 'बोटही गेलं. बास आता.' आणि दुसऱ्या दिवशी मी कळफलक ठेवायला गेले, तर त्याने डोळे मिटून घेतले. त्यानंतर तो लिहीनाच. घर असं शांत झालं की घड्याळाची टिकटिक सहन होईना.

ओव्हाळ सर महिन्यातून एक-दोनदा यायचेच. त्या रविवारी ते आले, छत्री दारात उभी करून आत आले, आणि सुधीरला म्हणाले, "काय साहेब, आज मौन?"

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "संगणक मंद झाला की साहेब?"

"तेच कळत नाही, सर."

"मग आधी तेच बघू."

ते सुधीरसमोर स्टूल घेऊन बसले. हात मागेच. स्टुलावर बसूनही मागे. "साहेब, मला तुमच्याकडून एकच ओळ हवी. तुमच्या आवडीची. आणि थोड्या वेळानं तीच परत. पास-नापास काही नाही."

सुधीरने बराच वेळ डोळे उघडले नाहीत. मग बोट हललं. 'गुरुजी चहा फुकटचा पितात.'

"लिहिलं की स्पष्ट!" सर म्हणाले. "मजकूर आक्षेपार्ह आहे, पण अक्षर चांगलं."

मग सर गप्पा मारत बसले. आबांच्या, भाताच्या, शाळेतल्या नव्या लोकांच्या. यंत्र चालूच होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी पुन्हा तीच ओळ मागितली. सुधीरचं बोट 'गुरुजी'च्या पुढे गेलं तरी पडद्यावर 'गु' एवढंच. सुधीरने हात ओढून घेतला आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर अजून मला आठवते.

"थांबा साहेब," सर म्हणाले. त्यांनी फळी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि आपल्या दहा बोटांनी भराभर तीच ओळ लिहिली. त्यांची बोटं थांबली, हात पुन्हा पाठीमागे गेले, आणि अक्षरं नंतर एकामागून एक येत राहिली, उशिरा पोचलेल्या पाहुण्यांसारखी.

"हे बघा. माझं बोट तर गेलेलं नाही ना?"

सुधीरच्या छातीतून तो जुना श्वास निघाला, जो आता त्याचं हसणं होता. त्याने फळी मागितली आणि किती वेळ लागतोय याची पर्वा न करता लिहिलं, 'बोट नाही. डोकं गेलंय.'

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

पण आजार यंत्राला आहे हे कळलं, म्हणजे काय आजार ते कळलं असं नव्हतं. सरांनी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून संगणकाचा डबा बाहेर काढला, वर्तमानपत्रावर ठेवला, उघडला. खिशातल्या ब्रशने पंख्याची धूळ झाडली. आतली मेमरीची पट्टी काढून तिची पितळी कड शाळेच्या खोडरबराने घासली, कारण लोणावळ्याच्या हवेत तिथे हमखास काळपटपणा येतो. मग सगळं जोडून तिथेच जमिनीवर चालू केलं. सकाळची दुपार झाली, तरी अक्षर बोटाबरोबर उमटत होतं. सर म्हणाले, "लय भारी!" मी डबा कपाटात ठेवला. सर समाधानाने लोकलला गेले.

दुसऱ्या दिवशी तासाभराने पुन्हा तेच. सुधीरने लिहिलं, 'गुरुजी नापास.' मी फोनवर ते वाचून दाखवलं. पलीकडून "माझे निदान चुकले, बाई. क्षमस्व," असं शुद्ध पुस्तकी उत्तर आलं. सर स्वतःवर रागावले होते.

ते पुन्हा आले. पुन्हा डबा बाहेर, पुन्हा सगळं व्यवस्थित. ते असले की यंत्र शहाण्यासारखं वागे, गेले की रेंगाळे. सुधीर म्हणे, म्हणजे लिही, 'वर्गात मास्तर असला की पोरं गप्प.' सरांनी ते वाक्य वाचलं आणि एकदम गंभीर झाले.

"खरं आहे साहेब. मी असताना बघून उपयोग नाही," ते म्हणाले. पुढच्या वेळी आले ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. "बाई, मी आलोच नाही असं समजा. रोज सकाळी काय करता ते सगळं तसंच करा. माझ्यासाठी काही बदलू नका. चहासुद्धा विचारू नका."

मी रोजच्यासारखी कामाला लागले. सुधीरचं तोंड पुसलं, खुर्ची खिडकीशी आणली, फळी बांधली. कपाट उघडलं, संगणक सुरू केला. कपाटाचं दार लावून घेतलं. बाजूचं बटण दाबलं. आणि सर खुर्चीतून ताडकन उठले.

"हे बटण कसलं?"

"कपाटातल्या बल्बचं," मी म्हटलं.

लोणावळ्यात राहिलेल्याला हे सांगावं लागत नाही. इथे पावसाळ्यात चपलेला बुरशी येते, मिठाचं पाणी होतं, पुस्तकांच्या पाठी हिरव्या होतात. म्हणून घरोघरी कपाटात एक पिवळा बल्ब दिवसभर जळता ठेवतात. उबेने कपडे आणि पुस्तकं कोरडी राहतात. नवे पांढरे दिवे तापत नाहीत, म्हणून जुने पिवळे बल्ब लोक दुकानादुकानांत शोधत फिरतात. आमचा बल्ब पुस्तकांच्या कपाटात होता. संगणकालाही दमट हवा बाधू नये म्हणून आम्ही तोही त्यात ठेवला होता, खालच्या कप्प्यात, आणि दार घट्ट लावत होतो. काळजीपोटी.

सरांनी काही वेळ जाऊ दिला. मग कपाट उघडून आत हात घातला आणि चटकन मागे घेतला. "बाई, भाकरी भाजेल यात!"

पडद्यावर अक्षरं यायला लागली. दार उघडल्यामुळे जरा लवकरच. 'पुस्तकं कोरडी. मी उकडलेला.'

"तापलं की हे स्वतःहून सावकाश होतं, जळू नये म्हणून," सर म्हणाले. "उन्हात काम करणाऱ्या माणसाचा हात कसा आपोआप मंदावतो, तसं. दोष त्याचा नाही. पहिल्या दिवशी ते गरम लागलं, ते मी धुळीवर ढकललं. नंतर मी आलो की पहिल्यांदा त्याला बाहेर काढत होतो, म्हणून मला ते परत कधी तापलेलं दिसलंच नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि बल्ब समोर असून माझं त्याच्याकडे लक्ष गेलं नाही. माझ्याही घरी बल्ब आहे. मुंबईचा कुणी आला असता तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं, कपाटात दिवा कशाला?"

त्या दिवसापासून संगणकाचा डबा टेबलावर उघड्यावर आला आणि बल्ब पुस्तकांना राहिला. पावसाळा संपला, थंडी आली, आणि सुधीर दिवसभर बोलत राहिला. मला टोमणे मारले. दूर असलेल्या मुलीला लांबलचक निरोप लिहिले. सरांशी भांडला. एका सकाळी उगाचच लिहिलं, 'आपण तळेगावला घर घेतलं नाही ते बरं झालं. इथल्या धुक्यात तू बरी दिसतेस.' लग्नाला इतकी वर्षं होऊन, तोंडाने बोलता येत असताना तो हे कधी म्हणाला नव्हता. हे महिने मला सरांनी दिले. मी त्यांना तसं म्हणाले तेव्हा ते म्हणाले, "मी काय दिलं? साहेब बोलत होतेच. मधे दार लागलं होतं."

सरांनी आमच्यासाठी केलेलं सगळ्यात अवघड काम मात्र त्यानंतरचं. उन्हाळ्याच्या तोंडाशी अक्षरं पुन्हा चुकायला लागली. एकाऐवजी दोन, शेजारची, नको ती. मी सरांना बोलावलं. मला मनातून हवं होतं की पुन्हा धूळ निघावी, पुन्हा कुठलं तरी दार निघावं. सर स्टुलावर बसले. सुधीरने लिहिलं, आणि त्या तीन शब्दांना खूप वेळ लागला: 'यंत्र की मी?'

सरांनी घाई केली नाही. ओळ मागितली, यंत्र तापू दिलं, परत ओळ मागितली. मग फळी स्वतः घेतली. त्यांच्या बोटांखाली अक्षरं पटापट उमटली. ती उमटताना आम्ही तिघांनी पाहिली. मला वाटलं, आता हे काहीतरी गोड सांगतील. मीही तेच केलं असतं.

"साहेब," सर म्हणाले, "यंत्र चांगलं आहे."

सुधीरने डोळे मिटले आणि उघडले, तो त्याचा होकार. मग बोट सावकाश फिरलं. 'खरं बोललात.' आणि पुष्कळ वेळाने, 'म्हणून तुम्हालाच विचारलं.'

सर उठून खिडकीशी गेले, पाठ करून उभे राहिले. परत आले तेव्हा आवाज मावळातला झाला होता. खुशीचा मात्र नव्हता. "आता असं करू साहेब. इतके दिस आपण ह्याला पळवत व्हतो. आता ह्येला थांबाया शिकवू."

संगणकात तशी एक सोय असते. कळेला नुसता स्पर्श झाला तर ती दाद देत नाही. जरा वेळ दाबून धरली तरच अक्षर उमटतं. सुधीरचं बोट आता इकडून तिकडे घसरत जायचं, वाटेतल्या कळांना लागायचं. ती सोय चालू केल्यावर वाटेतली अक्षरं गप्प बसली. हवी ती कळ सापडली की तो तिथे बोट टेकून थांबे आणि यंत्र त्याच्यासाठी थांबे. किती थांबायचं हे ठरवायला सर कितीतरी वेळ बसले. किंचित वाढवायचं, सुधीरला विचारायचं, किंचित कमी करायचं, पुन्हा विचारायचं. एका वाक्याला आता अर्धी सकाळ लागे. पण वाक्य त्याचं स्वतःचं असे.

सुधीर गेला. शेवटच्या आठवड्यापर्यंत तो लिहीत होता. भेटायला आलेली माणसं रीतीप्रमाणे म्हणत होती, "सुटले बिचारे." मी मान डोलवत होते. ओव्हाळ सर सतरंजीच्या कडेला बसले होते. कुणीतरी चौथ्यांदा की पाचव्यांदा तसं म्हणालं तेव्हा ते म्हणाले, "ते अडकलेले नव्हते. शेवटपर्यंत बोलत होते." स्पष्ट, पुस्तकी मराठीत. मग कुणी सुटले म्हणालं नाही.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते आमच्याच घरी. संगणक मी बरेच दिवस उघडला नव्हता. मग मुलीला काही लिहावं म्हणून उघडला, तर एकही अक्षर उमटेना. माझी बोटं कळांवरून जायची आणि पडदा कोरा. बिघडलं म्हणून सरांना फोन केला. ते आले, हात मागे बांधून माझ्या मागे उभे राहिले, आणि मी दोन शब्द लिहायचा प्रयत्न केल्यावर हलक्या आवाजात म्हणाले, "बिघडलेलं नाही बाई. ते अजून साहेबांसाठी थांबतंय."

मला ते आठवलंच नव्हतं.

"काढून टाकू का? एका मिनिटाचं काम आहे," त्यांनी विचारलं. खुर्चीत बसले, हात पुढे घेतला, आणि मग माझ्याकडे वळून पाहिलं.

मी म्हटलं, "राहू दे, सर. मलाही कुठे घाई आहे?"

हे सगळं मी त्याच कळफलकावर लिहिते आहे. प्रत्येक कळ दाबून धरावी लागते. म्हणून इतके महिने लागले.

त्या दिवशी सरांनी मान हलवली. मी चहा ठेवायला आत गेले. कप घेऊन बाहेर आले तर ते अजून तसेच, मला पाठमोरे, पडद्यासमोर बसलेले. मला वाटलं, काहीतरी तपासत असतील. जवळ गेले. भरभर लिहिणारा तो माणूस एका बोटाने एक कळ दाबून धरून थांबला होता. पडद्यावर 'साहे' एवढं उमटलं होतं, आणि सर पुढच्या अक्षराची वाट बघत होते.